किचनचा वजनकाटा: साडेतीन तारे, टोमणे वेगळे

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेऊन वर्ष होत आलं. ऑनलाइन घेतला, साडेचारशेच्या आत पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच्या खोड्याही सांगणार आहे, आणि या किमतीतले काटे दिसायला तरी सगळे एका आईची लेकरं वाटतात. पांढरं प्लास्टिक, वर गोल ताटली, पाच किलोपर्यंत वजन, ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब, पाठीमागे दोन बारीक सेल. खाली बारीक अक्षरात 'व्यापारी वापरासाठी नाही' असं छापलेलं. म्हणजे यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का नसतो. घरात भाजी तोलायला तो लागतही नाही.

तारे किती द्यायचे यावर माझीच पंचाईत झाली. यंत्र म्हणून साडेतीनच्या वर द्यायची माझी तयारी नाही. पण घरातल्या एकाच बाईने तेल-साखर आवरायचं मनावर घेतलं आणि बाकीच्यांना ते खूळ वाटत असलं, की जे महाभारत होतं, त्यात या काट्याचा जो उपयोग झाला तो वेष्टणावर कुठेच लिहिलेला नाही. म्हणून एवढं लांबण लावतेय.

माझं वय 46. कराडला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, दिवसभर खुर्चीत. पोटात दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली. दुखण्याचं कारण काही सापडलं नाही, पण रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड 1' उमटलं. मग रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 212. ते 150 च्या आत पाहिजे. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन 7 ते 10 टक्क्यांनी उतरवा, रोज चाला, तेल-साखर-मैदा आवरा, तीन महिन्यांनी या, एवढंच. माझं वजन 71. म्हणजे पाच ते सात किलो उतरवायचे. चालण्याचं काही अवघड नव्हतं. पहाटे प्रीतिसंगमावर निम्मं कराड चालत असतं, तिथे कुणी कुणाला विचारत नाही. घोडं अडलं ते घरात.

आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक माझा आणि संध्याकाळची भाजी-आमटी सासूबाईंची, कारण मला घरी यायला साडेपाच-सहा होतात. त्यांच्या हाताला चव आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर कबूल करीन. पण आमटीवर बोटभर तवंग नसेल तर त्यांना ती आजाऱ्याची वाटते. मी म्हणायचे, "आई, तेल जरा कमी घाला." त्या म्हणायच्या, "कमीच घातलंय गं." पुढे रोजचं तेच. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मते ते कमीच होतं. आणि सून तेलावरून बोलली म्हणजे सून आपल्या हाताला नावं ठेवते, एवढाच अर्थ त्यांच्यापर्यंत पोचायचा. मग दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी मुद्दाम पाण्यात शिजवल्यासारखी दोडक्याची भाजी. "घे. बिनतेलाची केलीय. तब्येत सुधार."

काटा आला त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "सोनाराचा काटा आणलाय सूनबाईंनी. आता मीठ गुंजेने तोलायचं." आमच्या ह्यांचं वेगळंच. "म्हणजे आता आम्हाला पण मोजून वाढणार काय?" मुलाने आपला मोबाइल तोलला, स्वतःचं पाकीट तोललं आणि विषय संपवला.

आता मुख्य कामाचं. तेल मोजायची पद्धत अशी. तेलाची किटली काट्यावर ठेवायची आणि 'टेअर'चं बटण दाबायचं, की आकडा शून्यावर येतो. मग किटली उचलून फोडणीला तेल घालायचं आणि ती परत काट्यावर ठेवायची. काटा उणे 31, उणे 44 असं काहीतरी दाखवतो. तेवढं तेल कढईत गेलं. चमचे मोजायला नकोत, वाट्या खराब करायला नकोत. तेल घालणाऱ्याला आपलं तेल कुणी मोजतंय असंही वाटत नाही, कारण तो आपल्या नेहमीच्या पळीनेच घालतो.

काट्यावर मिलिलिटरचीही सोय असते, तिच्या नादी लागू नका. ती पाण्याचा हिशेब धरून चालते. तेल पाण्याहून हलकं. एक लिटरच्या तेलाच्या पिशवीवर बघा, 910 ग्रॅम छापलेलं असतं. काटा बरोबर आहे का हेही मी असंच तपासलं. न फोडलेली पिशवी ठेवली, प्लास्टिकसकट 916 दाखवले. मला तेवढ्यावर समाधान झालं.

आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. सकाळ-संध्याकाळ किटलीचं वजन कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपत गेले. चौघांना दिवसाला 175-180 ग्रॅम तेल जात होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. चौघांचे झाले 108. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे पीठ-साखरेच्या दुपटीहून जास्त. ही सगळी आकडेमोड मी एका रविवारी मांडली, तीही सासूबाईंसमोर नाही, ह्यांच्यासमोर. ह्यांना आकडे कळतात. पण पटला तो वेगळाच आकडा. महिन्याला पाच लिटरचा कॅन आणि वर एक पिशवी येते, आणि हिशेबाने साडेतीन लिटर पुरायला हवं. "म्हणजे अडीच लिटर जास्तीचं?" माझ्या लिव्हरबद्दल त्यांना जे वाटलं नव्हतं ते अडीच लिटर तेलाच्या पैशांबद्दल वाटलं. असू दे. कारण कुठलंही असलं तरी कॅनवर नजर राहिली. (आणि खरं सांगायचं तर हे कळायला काटा घ्यायची गरज नाही. किराणाचं बिल आणि घरची डोकी, भागाकार करा. ज्यांना साडेचारशे वाचवायचे असतील त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.)

सासूबाईंपुढे मी आकडा कधीच काढला नाही. मात्र दोन गोष्टी केल्या. त्यांची जुनी पितळी पळी तोलून बघितली, तिच्यात 32 ग्रॅम तेल मावायचं. बाजारात तसल्याच घाटाची लहान पळी मिळाली, ती 18 ग्रॅमची. किटलीत ती ठेवून दिली. मोठी पळी फेकली नाही, तुपाच्या भांड्यात ठेवली. तिथे ती महिन्यातून एकदाच हलते. त्यांना पळी बदललेली कळली नाही असं अजिबात नाही. पहिल्याच दिवशी कळली. पण त्या काही बोलल्या नाहीत, कारण मीही काही बोलले नव्हते. त्यांच्या 'दोन पळ्या' दोनच राहिल्या.

दुसरी गोष्ट भाकरीची. मी रात्री एकच भाकरी खायला लागल्यावर घरात रोज बोलणं व्हायचं. "एका भाकरीवर रात्र काढतेस, चक्कर येऊन पडशील." मी एकदा पिठाचा डबा काट्यावर ठेवून त्यांना म्हटलं, तुमच्या अंदाजाने एका भाकरीचं पीठ काढा. काढलं, 95 ग्रॅम. माझ्या चपातीला 35 लागतं. ज्वारी काय नि गहू काय, पिठाच्या वजनामागे कॅलरी जवळपास सारख्याच. "आई, तुमच्या एका भाकरीत माझ्या पावणेतीन चपात्या बसतात." यावर त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून 'एकच भाकरी' हा विषय बंद झाला, कारण आता एक भाकरी म्हणजे कमी खाणं नव्हतं, सासूबाईंच्या हातची भाकरी होती. वाद जिंकायला निघाले असते तर हे जमलं नसतं.

शेंगदाण्याचं कूट मात्र मला स्वतःलाच धक्का देऊन गेलं. कोशिंबिरीत मूठ, वांग्यात मूठ, आमटीला दाटपणा हवा म्हणून मूठ, गुरुवारच्या साबुदाण्यात दोन मुठी. माझी मूठ 24 ग्रॅमची भरली, सासूबाईंची 30 ची. शेंगदाणा वाईट नाही, पण दाण्यांचं प्रमाण पोषण संस्थेच्या त्याच ताटात माणशी 35 ग्रॅम आहे आणि त्यात निम्मं तेलच असतं. हे मी कुणाला सांगत बसले नाही. कूट करून डबा भरून ठेवायचं बंद केलं, एवढंच. लागेल तेव्हा ताजं कुटायचं म्हटलं की आपोआप बेताने पडतं.

ऑफिसचं सांगते, कारण काटा तिथे नेता येत नाही. आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. केक आणि समोसा ठरलेला. "एवढ्याने काय होतंय", "एक दिवस चालतं हो मॅडम", "मॅडम आता हिरॉइन होणार", ही वाक्यं याच क्रमाने येतात. डाएट म्हटलं की चर्चा सुरू. कुणाची नणंद कीटो करते, कुणाच्या भावजयीचे केस गळले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की रिपोर्ट काय आला, कुठले डॉक्टर. यावर रामबाण उपाय एकच: "पित्त झालंय." पित्ताला महाराष्ट्रात मान आहे. कुणी आग्रह करत नाही, उलट कोकमाचं सरबत घ्या म्हणतात. पण दर वाढदिवसाला पित्त कसं होणार? म्हणून आता "बांधून द्या, घरी चहाबरोबर खाते" म्हणते. देणाऱ्याचा मान राहतो. घरी आणून एकदा कुतूहलाने दोन समोसे तोलले, 190 ग्रॅम. मुलाने चहा होईपर्यंत संपवले.

आमचे हे अजून होते तिथेच आहेत. पाऊस पडला की भजी, रविवारी मिसळ, आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर ताट ठेवून, "तुला चालत नसेल ना?" मी आधी चिडायचे. आता चार भजी खाते आणि रात्रीची भाकरी सोडते. त्यांना हवं असतं ते भांडण, ते मिळालं नाही की भज्यांची गोडी थोडी उतरते असं माझं निरीक्षण आहे. एक नियम मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळलाय. काटा ओट्यावरच राहतो, जेवणाच्या जागी येत नाही. कुणाच्या ताटातलं काही तोलायचं नाही, माझ्यासुद्धा. कढईत जायच्या आधी काय ते मोजायचं, वाढलेलं अन्न तोलायचं नाही. सासूबाईंचं याबाबतीतलं बोलणं मला पटतं. वाढलेल्या पानाचा हिशेब करू नये.

उन्हाळ्यात जे झालं ते मात्र या रिव्ह्यूत यायलाच हवं. सांगलीच्या ताई, म्हणजे माझ्या मोठ्या वन्सं, लेकीला घेऊन आठ दिवस राहायला आल्या. ताई मला बघून पहिलं काय म्हणाल्या, तर "वहिनी, चेहरा उतरलाय गं तुझा." दोन वर्षांपूर्वी याच म्हणाल्या होत्या, "वहिनी, सुटलीस." हे मी एका कानाने ऐकलं. त्यांची लेक बारावीतली, मुळात काडीसारखी. तिला काटा फार आवडला. पहिल्या दिवशी पोहे तोलले. दुसऱ्या दिवशी केळं सालीसकट आणि सालीशिवाय. तिसऱ्या दिवशी तिने 40 ग्रॅम भात तोलून घेतला आणि आमटी वाढल्यावर परत तोलायला उठली. आकडा मनासारखा नव्हता म्हणून आमटी तशीच ठेवून दिली. मी काटा उचलून माळ्यावर टाकला. ती भडकली. "मामी, तू करतेस ते चालतं आणि मी केलं की प्रॉब्लेम? तूच म्हणतेस ना सगळे टोमणे मारतात?"

काय उत्तर देणार? तिच्या बाजूने बघितलं तर मी आणि माझ्या सासूबाई एकाच पंगतीत बसलो होतो. ताई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा टोमणा न मारता बोलल्या. घरी पण ही असंच करते, रात्रीचं जेवत नाही, आरशासमोर उभी असते, म्हणाल्या. आम्ही दोघींनी तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं आणि ताईंनी सांगलीला गेल्यावर नेलं. माझ्या रिपोर्टात काहीतरी लिहून आलं होतं, डॉक्टरांनी आकडा दिला होता. तिच्या अंगावर मांस नव्हतं. आपल्या मागे लागलेलं प्रत्येक माणूस वैरीच असतं असं नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. तेव्हा घरात वयात आलेली मुलं असतील, खाण्यावरून आधीच कुणी कुढत असेल, तर हा काटा घेऊ नका. घेतलाच तर कपाटात ठेवा. पाकिटावर याचा इशारा छापायला हवा असं माझं मत आहे.

आता यंत्राच्या खोड्या. सगळ्यात वैताग म्हणजे दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद पडतो. किटली ठेवून शून्य केलं आणि मध्येच दूध उतू गेलं की शून्य गेलं. म्हणून मी वजन लिहूनच ठेवते. दुसरं, परात ठेवली की आकडा झाकला जातो. आपल्याकडच्या पराती, पातेली यांचा विचार करून हा बनवलेला नाही. उंच डबा मध्ये ठेवून त्यावर परात ठेवावी लागते. तिसरं, मीठ किंवा खायचा सोडा चिमटी-चिमटीने टाकत गेलं तर काट्याला पत्ताच लागत नाही, आकडा शून्यावर बसून राहतो. एकदम टाकलं तर दाखवतो. पाच ग्रॅमच्या आतलं काही याच्यावर मोजू नये. मिठाचं मोजमाप मी महिन्याच्या पुड्यावरच करते, दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅम. पापड-लोणचं, फरसाण यातलं वेगळं. आणि मिक्सर चालू असताना त्याच ओट्यावर ठेवू नका, आकडा नाचतो.

सेल सात-आठ महिने टिकले. ताटली निघत नाही, त्यामुळे कडेच्या फटीत पीठ जातं. ते जुन्या टूथब्रशने काढावं लागतं.

या सगळ्यात काट्याचा खरा वापर सध्या कोण करतं, तर सासूबाई. त्याचं निमित्त मसाला. संकेश्वरी-बेडगी मिरची आणली, देठं काढली, खोबरं-धणे-तीळ भाजले, कांदा-लसूण तळला, आणि कांडपाला द्यायच्या आधी म्हणाल्या, "तुझा तो सोनाराचा काटा आण." पातेलं ठेवून दोन खेपांत सगळं तोललं. कांडप करून आलेला मसाला परत तोलला, तर दीडशे ग्रॅम कमी. त्या तशाच पायात चपला घालून कांडपवाल्याकडे गेल्या. "चाळणीला राहतं, उडतं" असं त्याने सांगितलं. ते थोडंफार खरंही असेल, पण पुढच्या कांडपाला त्या समोर स्टुलावर बसून होत्या. लोणच्याच्या कैऱ्या, मीठ, मोहरी सगळं त्यांनी यंदा तोलून घातलं. लोणच्यातलं मीठ कमी करायचं नाही, बुरशी येते, हे त्यांनीच मला बजावलं. मी कशाला कमी करतेय. आमटीतलं तेल त्यांनी अजून तोलून घातलेलं नाही आणि मी सुचवणारही नाही.

माझं वजन आता 66 च्या आसपास. शेवटच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड 158 आलं. हे काट्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, चालणं निम्म्याहून जास्त कामी आलं असावं. तेलाचा कॅन महिनाभर पुरतो, वरची पिशवी बंद झाली. कधीमधी संपूर्ण कॅनही संपत नाही.

घ्यायचाच असेल तर सपाट काचेचा घेऊ नका. माझ्या जावेने घेतलाय, ओल्या हाताने बटण लागत नाही आणि वरवंटा पडून कोपरा गेला. प्लास्टिकचा, खरं दाबायचं बटण असलेला, आकडे ताटलीच्या बाहेर पुढे आलेले असा बघा. पाच किलोचाच घ्या, दहाची गरज पडत नाही. परत करायची मुदत संपायच्या आत तेलाची पिशवी ठेवून तपासा. साडेतीनपैकी अर्धा तारा त्या कांडपवाल्याच्या दीडशे ग्रॅमसाठी आहे, तो सासूबाईंनी द्यायला सांगितला.